आमच्या मुलांना त्यांच्या गावाबद्दलही विचारा

सामाजिक शास्त्रांचे प्राश्निक, नियामक आणि परीक्षक यांस,



मी तलासरी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास, राज्यशास्त्र आणि भूगोल शिकवते. सहामाही, वार्षिक, सराव परीक्षा, बोर्डाची परीक्षा असे आपण काढलेले पेपर माझ्यासारख्यांच्या हातून मुलांच्या बाकावर जातात आणि पुष्कळदा उत्तरपत्रिकाही आमच्याच टेबलावर तपासायला येतात. आपण घटकनिहाय गुणविभागणी सांभाळता, चुकीचा प्रश्न जाऊ नये म्हणून पेपर दोनदा वाचता, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच हे पत्र मी रागाने लिहीत नाही. पण तक्रार जुनी आहे आणि ती आता स्पष्ट शब्दांत मांडायची वेळ आली आहे. समाज समजून घेण्यासाठी जो विषय आपण शिकवतो, त्याच्या पेपरात आमच्या मुलाला त्याच्या स्वतःच्या समाजातले काय कळते, हे कुणीच विचारत नाही. त्याने ते आपणहून लिहिले, तर त्याला गुण मिळत नाहीत.

आमचा भाग आपल्यापैकी अनेकांनी महामार्गावरून जाताना पाहिला असेल. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत येतात. तलासरीत दहा माणसांमागे नऊ आदिवासी आहेत. वारली बहुसंख्य, शिवाय कोकणा, मल्हार कोळी, कातकरी, धोडी, दुबळा. डहाणूच्या किनाऱ्याला मांगेला आणि माच्छी, घोलवड-बोर्डीकडे चिकूच्या वाड्या आणि त्या लावणारी इराणी-पारशी घराणी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला गुजरात आणि दादरा-नगर हवेली. 1960 साली राज्ये वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली. सोयरिकी मात्र आजही दोन्हीकडे होतात.

अशा ठिकाणी नववीत बसलेल्या मुलीला काय काय माहीत असते, याचा विचार करा. दिवाळी झाली की शेजारचे घर बंद होते, कारण ती माणसे वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात, हे तिला माहीत असते. त्या घरातल्या मुलाला शाळेने शिक्षण हमी पत्रक दिले होते आणि तो तिकडच्या शाळेत एकदाही गेला नाही, हेही तिला माहीत असते. तिचा भाऊ पहाटेच्या गाडीने वापीच्या कारखान्यात जातो. काका वेरावळच्या बोटीवर खलाशी आहे. आमच्या दोन्ही तालुक्यांतले कितीतरी आदिवासी तरुण गुजरातच्या बोटींवर जातात, आणि बोट सागरी हद्दीपलीकडे गेली म्हणून त्यातले काही पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षानुवर्षे अडकून पडले. सीमा म्हणजे काय, राष्ट्र म्हणजे काय, दोन सरकारांचे बिनसले की सर्वांत आधी कुणाच्या घरची चूल थंडावते, हे त्या घरातल्या मुलांना पुस्तकाआधी समजलेले असते. तिची आजी नव्या भाताचा नैवेद्य कणसरी देवीला दाखवल्याशिवाय दाणा तोंडात घालत नाही. आणि वनहक्काच्या दाव्याचा कागद तिच्या घरी पत्र्याच्या पेटीत, कपड्यांच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो.

आता हीच मुलगी दहावीत जाते. भूगोलाचे तिचे सगळे पुस्तक भारत आणि ब्राझील यांच्या तुलनेवर आहे. ती ब्राझीलचा नकाशा पाठ करते, मॅनॉस कुठे आहे ते दाखवते. त्याला माझा विरोध नाही. दूरचा देश समजून घेताना आपला देश जास्त कळतो, आणि ॲमेझॉनच्या जंगलाबद्दल वाचताना आमच्या मुलांचे डोळे कसे चमकतात, ते मी पाहिले आहे. खरे तर त्याच पुस्तकाचा पहिला पाठ क्षेत्रभेटीचा आहे. बाहेर पडा, पाहा, माणसांशी बोला, प्रश्नावली तयार करा, अहवाल लिहा, असे तो पाठ सांगतो. इतका चांगला पाठ पेपरात कसा येतो? ‘क्षेत्रभेटीची आवश्यकता स्पष्ट करा.’ ‘क्षेत्रभेटीसाठी कोणते साहित्य घ्याल?’ ‘क्षेत्रभेटीदरम्यान कचऱ्याचे व्यवस्थापन कसे कराल?’ या प्रश्नांची उत्तरे गाइडमध्ये तयार असतात. एकदाही शाळेच्या फाटकाबाहेर न पडता पूर्ण गुण मिळतात. आणि जी मुलगी खरोखर वीटभट्टीवर राहून आली, जिने तिथली मजुरी कशी ठरते, उचल कशी दिली जाते आणि हिशेबाच्या दिवशी कशी कापली जाते, हे डोळ्यांनी पाहिले, तिला ते मांडायला पेपरात जागा नाही.

एक उत्तर मला आपल्यासमोर ठेवायचे आहे. नोव्हेंबर 2018 पासून आमच्या भागातल्या धुंदलवाडी परिसरात भूकंपाचे धक्के सुरू झाले, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. ते एका दिवसाचे संकट नव्हते. धक्के महिनोन्‌महिने येत राहिले. लोक कडाक्याच्या थंडीत अंगणात झोपले, वर्ग तंबूत भरले. फेब्रुवारी 2019 मध्ये घाबरून बाहेर पळताना एक लहानगी गेली. त्यानंतरच्या एका परीक्षेत नववीच्या पेपरात भूकंपाचे परिणाम लिहायला सांगितले होते. त्या भागातल्या एका मुलाने लिहिले होते की आधी जमिनीतून मोठा आवाज येतो आणि मग घर हलते. कुडाच्या भिंतीचा लेप सुटतो पण कूड उभा राहतो. विटांच्या घरकुलाला मात्र खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपा तडा जातो. त्याने पुढे लिहिले होते की आई मजुरीला जायला घाबरते, कारण लहान भावाला घरात एकटे ठेवता येत नाही, त्यामुळे त्या महिन्यात घरात पैसे कमी आले. आणि शेवटी, साहेब लोक येऊन तड्यांचे फोटो काढतात, पण ज्याचे घर कुडाचे आहे त्याच्या घराचा फोटो काढत नाहीत, कारण तिथे दाखवायला तडा नसतो.

नमुना उत्तरात मुद्दे होते: जीवित व वित्तहानी, जमिनीला भेगा, भूस्खलन, त्सुनामी. त्या मुलाला 4 पैकी 1 गुण मिळाला.

त्याचे उत्तर पुन्हा वाचा, अशी माझी हात जोडून विनंती आहे. त्यात निरीक्षण आहे. दोन प्रकारच्या बांधकामांची तुलना आहे. एका नैसर्गिक घटनेचा घरच्या मिळकतीशी जोडलेला कार्यकारणभाव आहे. मदतीचे निकष कसे ठरतात आणि त्यातून कोण सुटते, याचे त्याला आलेले भान आहे. विद्यापीठातला संशोधक याच गोष्टी मांडायला महिनाभर गावात मुक्काम करील. चौदा वर्षांच्या पोराने त्या बारा ओळींत मांडल्या, आणि आपल्या पद्धतीने त्याला कळवले की तुला भूकंप नीट येत नाही. पुढच्या परीक्षेत त्याने काय लिहिले असेल? त्याने त्सुनामी लिहिली. तोंडपाठ.

माझी खरी तक्रार इथे आहे. गुण कमी पडले याचे दुःख एका परीक्षेपुरते असते. पण आपण जे पाहिले, जे भोगले, जे आजीकडून ऐकले, ते ज्ञान नव्हेच, असे एकदा मुलाच्या मनात बसले की ते निघत नाही. मग तो आपल्या पाड्याबद्दल बोलताना खाली मान घालतो आणि कुणी दुसऱ्याने त्याच्या समाजाबद्दल काहीही लिहिले तरी ते खरे धरतो.

इतिहासाचे उदाहरण तर मला जास्त बोचते. 23 मे 1945 रोजी झरीला वारल्यांची परिषद भरली. वेठ करणार नाही, असे तिथे ठरले. शामराव आणि गोदावरी परुळेकर, किसान सभा, आणि पाड्यापाड्यांतून चालत आलेली हजारो माणसे. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले म्हणून नवराबायकोने जन्मभर त्याच्याकडे राबायचे, ही लग्नगड्याची पद्धत त्या लढ्याने मोडली. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. गोदूताईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ लिहिले, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, मराठी वाचकांनी ते डोक्यावर घेतले. आमच्या वर्गातल्या मुलांची पणजोबा-पणजी त्या पुस्तकातली माणसे आहेत. झरी त्यांच्या तालुक्यात आहे.

दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात इतिहासलेखनाची परंपरा दिली आहे. रांके आहे, फुको आहे, वंचितांचा इतिहास आहे. इतिहासाची सुरुवात योग्य प्रश्नांनी होते आणि मौखिक साधनेही साधनेच असतात, हे त्यात शिकवले जाते. मग पेपरात त्या पाठावर काय येते? ‘चुकीची जोडी ओळखा.’ लेखक आणि ग्रंथ यांच्या चार जोड्या, त्यातली एक चुकीची. वंचितांचा इतिहास म्हणजे काय हे झरीच्या मुलाने पाठ करून लिहायचे, पण स्वतःच्या आजोबांकडून ऐकलेली वेठीची गोष्ट लिहून, ती खरी की खोटी हे कसे पडताळायचे, हे त्याला कुणी विचारायचे नाही. जी पिढी ते सांगू शकत होती, ती आता जवळजवळ संपली. आणखी दहा वर्षांनी आपण हा प्रश्न पेपरात घातला, तरी उत्तर द्यायला घरात कुणी उरलेले नसेल.

वारली चित्रकलेचेही तसेच. ती पुस्तकात आहे, लोककलांच्या यादीत आहे, पेपरात एका गुणापुरती येते. पण लग्नाचा चौक कोण काढते? सुवासिनी काढतात. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, मधोमध पालघाट देवी, आणि शेजारी लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी हीच चित्रे लग्नाबाहेर, रोजच्या जगण्याची म्हणून कागदावर आणि कापडावर काढली; पुढे त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. बायकांच्या हातातली, विधीशी बांधलेली कला एका पुरुषाच्या हाती आली, तिथून बाजारात, तिथून विमानतळाच्या भिंतीवर गेली. या प्रवासात काय मिळाले, काय गेले, पैसा कुणाकडे आला, बायका आज कुठे आहेत? समाजशास्त्राचा याहून सुंदर प्रश्न मला तरी सुचत नाही. आणि आमची मुले त्यावर पानेच्या पाने लिहितील, कारण अर्ध्या घरांत कुणी ना कुणी ही चित्रे काढून विकते.

इथे एक गैरसमज आधीच दूर करते. ‘पद्मश्री कोणत्या वर्षी मिळाली’ असा प्रश्न घाला, असे मी म्हणत नाही. ब्राझीलच्या सनावळीऐवजी वारल्यांची सनावळी पाठ करायला लावली, तर मुलाचे काहीच भले होणार नाही. स्थानिक माहितीचा एक कोपरा पुस्तकात टाकून, त्यावर रिकाम्या जागा काढून हात झटकू नका. माझे मागणे असे की मुलाला आपला समाज तपासता येतो का, हे तपासा. जे दिसते त्याचे कारण शोधता येते का, दोन माणसांचे म्हणणे वेगळे असेल तर दोन्ही मांडता येतात का, ऐकीव आणि पाहिलेले यांत फरक करता येतो का.

आणि आपला समाज म्हणजे फक्त तारप्याचे सूर आणि लग्नाचा चौक नव्हे. एखाद्या बाईला भुताळी ठरवून वाळीत टाकले जाते, हेही आमच्या भागात घडले आहे. दारू आहे, कर्ज आहे. लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून जोडपी वर्षानुवर्षे लग्नाशिवाय एकत्र राहतात आणि पुढे कधीतरी पोरांच्या लग्नासोबत आपलेही लावून घेतात. याकडे नैतिकतेच्या चष्म्यातून न पाहता कारणांसह समजून घेणे मुलांना जमते, मी वर्गात ते पाहिले आहे. किनाऱ्याच्या मांगेल्याच्या मुलीने समुद्राबद्दल लिहावे, घोलवडच्या वाडीत राखणीला आलेल्या कुटुंबातल्या मुलाने चिकूबद्दल लिहावे, कारखान्यापायी उत्तर प्रदेशातून इथे आलेल्या पोराने खोलीच्या भाड्याबद्दल लिहावे. समाज प्रत्येकालाच असतो.

नागरिकशास्त्राबद्दलही थोडे. सहावीपासून मुले ग्रामसभा शिकतात: वर्षातून किती होतात, अध्यक्ष कोण असतो. आमचा भाग पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायत विस्तार कायद्याचे, क्षेत्र आहे. 1996 च्या कायद्याने आणि राज्याच्या 2014 च्या नियमांनी इथल्या ग्रामसभेला गौण वनोपज, गौण खनिज, भूसंपादनापूर्वीची चर्चा अशा बाबतींत वेगळे अधिकार मिळाले आहेत, आणि पाड्याला स्वतःची वेगळी ग्रामसभा करता येते. डहाणू-तलासरीच्या मुलाने हे सोडून सर्वसाधारण ग्रामसभेचे उत्तर लिहिले तर त्याला पूर्ण गुण, आणि पाड्याची ग्रामसभा लिहिली तर परीक्षकाला ती चूक वाटण्याची भीती. एका राज्याचा पेपर असल्यामुळे असे होते, असे आपण म्हणाल. पण हा राज्यातलाच कायदा आहे.

किंवा डहाणूच्या किनाऱ्यावरच्या वाढवण बंदराचे घ्या. 20 जून 1991 च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणूसाठी स्वतंत्र प्राधिकरण आले. त्याच प्राधिकरणाने 1998 मध्ये वाढवण बंदराला नकार दिला आणि जुलै 2023 मध्ये परवानगी दिली. जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे 76 हजार कोटींच्या या बंदराला मंजुरी दिली. संस्था, न्यायालय, केंद्र, राज्य, मच्छीमार, रोजगार, समुद्रातला भराव, सगळे एका विषयात आहे. बंदर हवे की नको, हे मी वर्गात सांगत नाही. ते माझे काम नाही. पण एकाच संस्थेने 25 वर्षांच्या अंतराने दोन वेगळे निर्णय का दिले असतील, हे शोधायला मुलांना लावता येते. सूर्या प्रकल्पाचे पाणी कोणत्या शहरांना जाते आणि धरणाजवळच्या पाड्यांवर एप्रिलमध्ये काय स्थिती असते, हेही विचारता येते. आपल्या पेपरात असे काही येत नाही म्हणून वर्गात ते फारसे शिकवले जात नाही. वेळ कमी असतो, आणि जे परीक्षेत नाही त्याला आमचेच शिक्षक ‘पोर्शनबाहेरचे’ म्हणतात. मी त्यांना दोष देत नाही. त्यांचे मूल्यमापनही मुलांच्या निकालावरच होते.

आठवीपर्यंतची गोष्ट आणखी वेगळी. 20 ऑगस्ट 2010 च्या शासननिर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. आकारिक मूल्यमापनासाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम अशी आठ साधने दिली. ती योजना फार चांगली होती, आजही आहे. पण नोंदवहीत काय उतरते? ‘परिसरातील घटकांची माहिती सांगतो.’ ‘ऐतिहासिक घटनांबद्दल आदर व्यक्त करतो.’ अशा वर्णनात्मक नोंदी तयार मिळतात, त्या जशाच्या तशा उतरवल्या जातात, कारण एका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग, शिवाय सर्वेक्षण, शिवाय ऑनलाइन माहिती. अलीकडे राज्यभर पायाभूत आणि संकलित चाचण्या सुरू झाल्या. त्यांत भाषा, गणित आणि इंग्रजी आहे. समाज नाही. आठवीतल्या गरीब, हुशार मुलांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. त्यात सामाजिक शास्त्रांना 35 गुण आहेत, तेही सारे पर्यायी प्रश्न. म्हणजे आदिवासी मुलाला आपल्या समाजाचे ज्ञान मांडायची संधी पहिली ते आठवी कुठेच नाही, आणि नववी-दहावीत ती मिळाली तर गुण नाहीत.

इथल्या मातीत याच्या उलट काम झाले आहे, याची आठवण करून देते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केले आणि 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा अंगणात नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. साधने म्हणून बिया, शिंपले, पाने, दगड वापरले. मूल जे घेऊन येते त्यावर शिक्षण उभे करायचे, हे त्यांनी डहाणू तालुक्यातच करून दाखवले. देशभरातून लोक ते पाहायला आले. इतक्या वर्षांनंतर आम्ही त्या टेकडीखालच्या शाळेत मुलाला रिकाम्या जागा भरायला लावतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये मुलाची समज आणि ती वापरण्याची क्षमता यांचे मूल्यमापन व्हावे, असे म्हटले आहे. आम्ही काही नवे मागत नाही.

आपले आक्षेप मला माहीत आहेत, कारण प्रशिक्षणात मी ते अनेकदा ऐकले आहेत. पेपर सगळ्या राज्याचा, मग स्थानिक प्रश्न कसा काढायचा? प्रश्न एकच असू द्या, उत्तर वेगवेगळे येऊ द्या. ‘तुमच्या गावातून किंवा वस्तीतून लोक कामासाठी कुठे जातात, कोणत्या महिन्यांत जातात, आणि त्याचे एक कारण तुम्ही कशावरून सांगता?’ याला बीडचा मुलगा ऊसतोडीचे उत्तर लिहील, रत्नागिरीची मुलगी मुंबईचे, आमचा मुलगा वीटभट्टीचे किंवा बोटीचे. दुसरा आक्षेप तपासणीतल्या एकवाक्यतेचा. भाषेच्या पेपरात निबंध तपासतोच ना आपण? नेमके निरीक्षण असेल तर इतके गुण, माहिती कुठून मिळाली हे सांगितले तर इतके, कारण आणि परिणाम जोडले तर इतके, दुसरी बाजू मांडली तर इतके, अशी नियामकांनी पानभर सूचना दिली तर पुण्याचा आणि पालघरचा परीक्षक फार वेगळे गुण देणार नाही. मुले खोटे लिहितील, हा तिसरा आक्षेप. पाठ केलेला क्षेत्रभेटीचा अहवाल तरी कोणता खरा असतो?

एका बाबतीत मात्र सावधगिरी हवी, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. मुलाला स्वतःच्या घराची दैना उघडी करायला भाग पाडणारा प्रश्न काढू नका. ‘तुमच्या घरी किती कर्ज आहे’, ‘तुमचे वडील काय करतात’ असे विचारू नका. ‘तुमच्या परिसरात’ असे विचारा, आणि कुणाचे नाव न लिहिण्याची सूचना पेपरातच छापा. ज्याचा बाप तुरुंगात आहे त्याला ते लिहायचे की नाही, हे त्याचे त्याला ठरवू द्या.

तेव्हा आपल्याकडे माझ्या विनंत्या अशा आहेत. सहावीपासून पुढे सामाजिक शास्त्रांच्या प्रत्येक संकलित पेपरात एक तरी प्रश्न असा असावा, ज्याचे उत्तर पुस्तकात सापडणार नाही, मुलाच्या परिसरात सापडेल. तो ऐच्छिक ठेवू नका; ऐच्छिक ठेवला की कुणी शिकवत नाही. नमुना उत्तराखाली ‘विद्यार्थ्याने स्वतःच्या अनुभवावर आधारित योग्य मुद्दे लिहिल्यास गुण द्यावेत’ ही ओळ मोकळेपणाने, आणि खरोखर अमलात आणण्यासाठी लिहा. उत्तरात वारली, कोकणी किंवा मांगेली बोलीतला शब्द आला म्हणून गुण कापू नका. पाड्यातल्या वस्तूला पाड्यातलेच नाव असते. दहावीच्या 80 लेखी गुणांबरोबर जे 20 अंतर्गत गुण आहेत, त्यांतले निदान 10 एका प्रत्यक्ष चौकशीसाठी ठेवा: मुलाने दोन माणसांशी बोलावे, एक कागद किंवा जागा पाहावी, आणि दोन पाने लिहावीत. नियामकांच्या यादीत अनुसूचित क्षेत्रातल्या शाळांवर शिकवणारे शिक्षक घ्या, शक्यतो त्याच समाजातले. आणि आदिवासींवर प्रश्न काढताना, उत्तर लिहिणारा मुलगा स्वतः आदिवासी असू शकतो हे ध्यानात ठेवा. ‘आदिवासी लोक जंगलात राहतात व कंदमुळे खातात’ अशा धाटणीचे वाक्य पर्यायांत देखील येऊ नये.

नवा राज्य अभ्यासक्रम आराखडा 2024 मध्ये आला आहे आणि त्याप्रमाणे पुस्तके व मूल्यमापन टप्प्याटप्प्याने बदलणार आहे. बदलायचे असेल तर आताच बदलता येईल. पुस्तके एकदा छापून झाली की दहा वर्षे हात लावता येत नाही.

आम्ही काही शिक्षक आमच्या शाळा-केंद्राच्या शिक्षण परिषदेत बसून इयत्ता सहावी ते दहावीसाठी असे नमुना प्रश्न आणि तपासणीच्या सूचना तयार करतो आहोत. काही प्रश्न वर्गात वापरून पाहिले आहेत, काही फसले, ते बदलले. आपण मागवलेत तर सगळे पाठवू. प्रत्यक्ष पाहायला आलात तर जास्त बरे. पावसाआधी या, वीटभट्टीवर गेलेली मुले तोवर परत आलेली असतात.

आपली,
तलासरी तालुक्यातील एक सामाजिक शास्त्रांची शिक्षिका